फोटो एडिटिंग शिकवताना फिल्टर शेवटी, चादर आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की सोलापुरात फोटो एडिटिंगच्या वर्गांचे फलक जागोजागी लागतात. बहुतेकांवर आश्वासन एकच असते: शेकडो फिल्टर, हजारो फ्रेम, तयार पोस्ट, आणि लगेच कामाला सुरुवात. शिकणारी मुले-मुली कष्टाळू आहेत. पण वर्ग संपवून त्यांनी एखाद्या चादर-टॉवेलवाल्याचे ऑनलाइन विक्रीचे काम हाती घेतले की अडचणी दिसू लागतात. गर्द लाल चादर पडद्यावर केशरी होते, टॉवेलच्या विणीवर मुळात नसलेले पट्टे उमटतात, किनारीची फ्रेम कोपऱ्यात तुटते. मालाचा रंग फोटोसारखा नाही म्हणून ग्राहक पार्सल परत पाठवतो आणि जाण्यायेण्याचा खर्च विणकराच्या किंवा दुकानदाराच्या अंगावर पडतो.

यात मुलांचा दोष नाही, शिकवण्याच्या क्रमाचा आहे. फिल्टर आणि फ्रेम आधी, पिक्सेल आणि रंग नंतर किंवा कधीच नाही, असा हा क्रम झाला आहे. सोलापुरात हे शिक्षण द्यायचे तर अभ्यासाची वस्तू पहिल्या दिवसापासून एकच असावी, ती म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर. भौमितिक नक्षी, ठसठशीत किनार, गडद लाल-हिरवे-निळे रंग आणि डोळ्यांना दिसणारी वीण यांमुळे एडिटिंगमधली जवळजवळ प्रत्येक चूक तिच्यावर लगेच उघडी पडते. फुलांच्या किंवा सूर्यास्ताच्या फोटोवर तीच चूक खपून जाते.

सुरुवात आकड्यांपासून व्हावी. फोनच्या १२ मेगापिक्सेल फोटोत ४००० गुणिले ३००० ठिपके, म्हणजेच पिक्सेल, असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. म्हणजे उघडल्यावर हा फोटो संगणकाच्या स्मृतीत साधारण ३६ मेगाबाइट जागा घेतो, फाइल म्हणून तो ४ मेगाबाइटचा दिसत असला तरी. दहा लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, चढवले की ४ जीबी रॅमचे जुने यंत्र का अडखळते, हे विद्यार्थ्याला इथेच कळते. अशा यंत्रावर सरावासाठी फोटो आधी २४०० पिक्सेल रुंदीचा करून घ्यावा.

फिल्टर म्हणजे या आकड्यांवरचे गणित, आणि ते फळ्यावर करून दाखवता येते. शार्पन फिल्टरचा सर्वांत साधा प्रकार घ्या: मधल्या ठिपक्याला ५ ने गुणायचे आणि वरचा, खालचा, डावा, उजवा असे चार शेजारी त्यातून वजा करायचे. सपाट भागात सगळे आकडे १०० असतील तर ५०० वजा ४०० म्हणजे पुन्हा १००, काहीच बदलत नाही. आता चादरीच्या नक्षीची कड घ्या, जिथे १०० च्या शेजारी २०० आहे. अंधाऱ्या बाजूच्या ठिपक्याचे गणित ५०० वजा (१०० + १०० + १०० + २००), उत्तर शून्य. उजळ बाजूचे १००० वजा (२०० + २०० + २०० + १००), उत्तर ३००, आणि कमाल मर्यादा २५५ असल्याने २५५. म्हणजे १०० आणि २०० ची सौम्य कड ० आणि २५५ झाली. नक्षीभोवती जी पांढरी-काळी रेघ दिसते ती इथून येते. गिम्प या विनामूल्य एडिटिंग प्रोग्रामच्या ‘फिल्टर्स’, ‘जेनेरिक’, ‘कॉन्व्होल्यूशन मॅट्रिक्स’ इथे आणि फोटोशॉपमध्ये ‘फिल्टर’, ‘अदर’, ‘कस्टम’ इथे ५ गुणिले ५ चौकटींचा तक्ता आहे. त्यात हे आकडे स्वतः भरून परिणाम पाहिला, की शार्पनचा स्लायडर डोळे झाकून शेवटपर्यंत ओढण्याची सवय लागत नाही.

ब्लरचेही तसेच. साधा ब्लर म्हणजे नऊ ठिपक्यांची सरासरी. कमी उजेडात काढलेल्या फोटोत आठ ठिपके १०० चे आणि एखादा चुकार २५५ चा असेल, तर सरासरी सुमारे ११७ येते. डाग पुसला जात नाही, शेजाऱ्यांवर पसरतो. मीडियन फिल्टर हेच नऊ आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलतो, म्हणजे १००, आणि डाग नाहीसा होतो. पण याच मीडियनची त्रिज्या वाढवली तर एकेक धागाही त्याला डागच वाटतो आणि चादर प्लास्टिकसारखी गुळगुळीत दिसू लागते. फोनमधले ब्युटी मोड आणि आपोआप चालणारी दृश्य-सुधारणा कापडाची हीच गत करतात. मालाचा फोटो काढताना ती दोन्ही बंद ठेवावीत.

फोटो काढण्याचा भाग बहुतेक वर्गांत वगळला जातो, आणि निम्मे नुकसान तिथेच होते. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात चादर अंथरून फोटो काढू नये. उघड्या आकाशाखालच्या सावलीत चादर सपाट अंथरावी आणि फोन तिला समांतर धरावा. खोलीत काढायचा तर खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र करू नये, कारण दोन वेगळ्या रंगांचे उजेड एकाच सुधारणेने बरोबर होत नाहीत. सावलीत निळसर झाक येते, म्हणून पहिल्या फोटोत चादरीवर ग्रे कार्ड, म्हणजे कोणतीही झाक नसलेले करडे कार्ड, ठेवावे. नंतर गिम्पच्या ‘कलर्स’, ‘लेव्हल्स’ मध्ये करड्या बिंदूची पिचकारी घेऊन त्या कार्डावर टिचकी मारली की झाक जाते. त्याच उजेडातल्या बाकीच्या फोटोंना तीच सेटिंग लावायची. कार्डाऐवजी साधा पांढरा कागद चालेल का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. चालतो, पण दोन धोके आहेत. छपाईच्या कागदात चकाकीसाठी जे रसायन घालतात त्याने कागद स्वतःच निळसर दिसतो, आणि फोटोत तो २५५ ला टेकला असेल तर त्यातून रंगाची काहीही माहिती मिळत नाही.

लाल रंगावर थोडे जास्त लिहावे लागेल, कारण चादरीच्या तक्रारी बहुतेक त्याच्याच असतात. गर्द लाल धाग्यात लाल आकडा आधीच खूप वर असतो. फोनने उजेड थोडा वाढवला की तो २५५ ला जाऊन अडतो आणि हिरवा-निळा मात्र वाढत राहतात. प्रमाण बिघडते आणि लाल केशरीकडे झुकतो. शिवाय शेजारच्या सगळ्या धाग्यांचा लाल आकडा एकच झाल्याने वीण दिसेनाशी होते. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कोणत्या आकड्याचे किती ठिपके आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात, फक्त लाल चॅनेल (लाल आकडे) उघडून पाहावा. आलेखाचा ढीग उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तो फोटो बाद समजून पुन्हा काढावा. जेपीईजीत हरवलेली माहिती कोणताही फिल्टर परत आणत नाही. फोटो काढतानाच पडद्यावर बोट टेकवून सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढावे. एक्सपोजर उणे ०.७ च्या आसपास ठेवले की बहुतेक वेळा काम होते.

लाल फिका दिसण्याचे दुसरे कारण रंगाचे प्रोफाइल, म्हणजे कोणता आकडा नेमका कोणता रंग हे सांगणारी फाइलमधली चिठ्ठी. आजचे अनेक फोन डिस्प्ले पी३ या विस्तृत रंगव्याप्तीत फोटो साठवतात, तर वेबवरचा नेहमीचा ठरलेला रंगसंच एसआरजीबी आहे. एडिटिंगमध्ये किंवा अपलोड करताना प्रोफाइल गळून पडले की तेच आकडे एसआरजीबी म्हणून वाचले जातात आणि चादर विटल्यासारखी दिसते. उपाय: गिम्पच्या ‘इमेज’, ‘कलर मॅनेजमेंट’ मधून एसआरजीबीत ‘कन्व्हर्ट’ करावे. शेजारीच ‘असाइन’ हा पर्याय असतो. तो आकडे तसेच ठेवून फक्त वरची चिठ्ठी बदलतो, म्हणून तो निवडला की रंग हमखास बिघडतो.

पट्ट्यांची गोष्ट धाग्यांच्या संख्येशी जोडलेली आहे. समजा चादर ६० इंच रुंद आहे आणि इंचाला २० धागे दिसतात. म्हणजे रुंदीत १२०० धागे. एकेक धागा वेगळा दिसायला किमान दोन पिक्सेल हवेत, म्हणजे २४०० पिक्सेल. हाच फोटो आपण ८०० पिक्सेलचा केला की धागे त्यात मावत नाहीत आणि त्यांच्या जागी लाटांसारखे खोटे पट्टे येतात. त्यासाठी फोटो लहान करण्याआधी हलका गॉशियन ब्लर द्यावा. ४००० वरून ८०० वर येताना २ पिक्सेलच्या आसपास पुरतो. मग ‘स्केल इमेज’ मध्ये क्युबिक किंवा त्याहून चांगली पद्धत निवडून आकार कमी करावा आणि शेवटी अनशार्प मास्क हा शार्पनचाच प्रकार त्रिज्या ०.५ ते १, मात्रा ०.५ च्या आसपास ठेवून चालवावा. शार्पन आधी आणि लहान करणे नंतर, असा उलटा क्रम झाला तर पट्टे अधिकच ठळक होतात. पट्टे मूळ फोटोतच असतील तर मात्र हा उपाय चालत नाही. फोन थोडा मागे घ्यावा किंवा किंचित तिरका वळवून पुन्हा फोटो काढावा. आणि ग्राहकाला वीण दाखवायची असेल तर पूर्ण चादरीच्या फोटोकडून ती अपेक्षा न ठेवता वितभर भागाचा वेगळा जवळचा फोटो द्यावा.

आता फ्रेमकडे. तयार फ्रेम चिकटवायला पाच मिनिटे लागतात, पण चादरीच्या किनारीपासून स्वतःची फ्रेम बनवायला शिकलेला विद्यार्थी लेयर, सिलेक्शन, पारदर्शकता आणि मोजमाप हे सगळे एका कामात शिकतो. १०८० गुणिले १०८० ची फाइल घ्यावी. किनारीचा जो भाग पुन्हा पुन्हा येतो तो नेमका कापून ६० पिक्सेल रुंदीची फरशी करावी, कोपऱ्याची नक्षी ९० पिक्सेलची वेगळी ठेवावी. दोन कोपरे मिळून १८० जातात, उरतात ९००, आणि त्यात ६० ची फरशी बरोबर १५ वेळा बसते. हे गणित न करता किनार ताणून बसवली की नक्षीचे चौकोन आयत होतात आणि कोपऱ्यात अर्धी नक्षी कापली जाते. फरशीचा सांधा तपासायला ‘लेयर’, ‘ट्रान्सफॉर्म’, ‘ऑफसेट’ मध्ये अर्धी रुंदी, अर्धी उंची आणि ‘रॅप अराउंड’ निवडावे. कडा मध्यभागी येतात, सांधा दिसतो, तो हीलिंग किंवा क्लोन साधनाने मिटवायचा.

साध्या रंगाची चौकट हवी असेल तर सगळे सिलेक्ट करून ‘श्रिंक’ ४० पिक्सेल, मग सिलेक्शन उलटे करून नव्या लेयरवर रंग भरायचा. इथे गिम्पमध्ये नवखे लोक हमखास अडतात. श्रिंकच्या खिडकीत सिलेक्शन चित्राबाहेरही चालू आहे असे मानणारी एक खूण असते. ती लागलेली असेल तर कडांना सिलेक्शन आत सरकतच नाही आणि फ्रेम रिकामी येते. खूण काढून टाकायची. फ्रेमच्या मधल्या भागाला अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकतेचा आकडा, हवा आणि फाइल पीएनजी हवी. जेपीईजीत पारदर्शकता नसते, त्यामुळे फोटोच्या जागी पांढरा चौकोन येतो. जीआयएफमध्ये ठिपका एक तर पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही, म्हणून गोलाईच्या कडा करवतीसारख्या होतात. गड्ड्याच्या यात्रेला, शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला व्हॉट्सअॅपच्या डीपीसाठी चौकोनी फ्रेम बनवल्या जातात. डीपी गोल दिसतो आणि चौकोनाचा सुमारे २१ टक्के भाग, म्हणजे चारही कोपरे, कापला जातो. मंडळाचे नाव नेमके तिथेच लिहिलेले असते. डीपीची फ्रेम कड्यासारखी गोलच आखावी.

मास्क, म्हणजे लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा, हा विषय वर्गात रबराच्या आधी यावा. रबराने पुसलेले परत येत नाही. मास्कवर काळा रंग लपवतो, पांढरा दाखवतो आणि चूक कधीही दुरुस्त करता येते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३.० पासून फिल्टरही लेयरवर तात्पुरते ठेवून नंतर त्यांचे आकडे बदलता येतात. फोटोशॉपची वर्गणी न परवडणाऱ्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे. लोगोसाठी ठिपक्यांऐवजी रेषांनी चित्र काढणारा इंकस्केप हा प्रोग्राम शिकवावा आणि फाइल त्याच्या एसव्हीजी प्रकारात ठेवावी, म्हणजे तोच लोगो लेबलवर आणि दुकानाच्या पाटीवर सारखाच स्वच्छ येतो.

मराठी अक्षरांकडे होणारे दुर्लक्ष आम्हाला सर्वांत जास्त खटकते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. वर्गांनी पहिल्यापासून युनिकोड फॉन्ट वापरावेत; युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा क्रमांक सगळ्या यंत्रांवर एकच असतो. मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे सगळे विनामूल्य आहेत. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरे तुटत असतील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी निवडावी. गिम्पच्या मजकूर साधनात भाषा मराठी ठेवावी. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. अक्षरांमधले अंतर वाढवून मजकूर पसरवू नये, शिरोरेषा तुटते. दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आणि दर, माप, पत्ता हे चित्रात न कोरता शक्यतो पानावर मजकूर म्हणून लिहावे. चित्रातला मजकूर शोधयंत्राला सहज सापडत नाही आणि दृष्टिहीन ग्राहकाचा फोन तो वाचून दाखवेलच असे नाही. चित्राला पर्यायी वर्णन, म्हणजे चित्र न दिसणाऱ्याला फोन वाचून दाखवेल असा मजकूर, द्यायलाही याच वेळी शिकवावे: ‘लाल-काळी चादर, ६० गुणिले ९० इंच’ इतके पुरे.

फाइल बाहेर काढणे हा शेवटचा टप्पा, आणि चांगले काम इथेही वाया जाते. जेपीईजी चित्राला ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकोनांत तोडून दाबते. त्याशिवाय नेहमीच्या ४:२:० सेटिंगमध्ये चार ठिपक्यांना मिळून एकच रंग देते. काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल रेघ म्हणूनच ओघळल्यासारखी दिसते. एक्सपोर्टच्या खिडकीत सबसॅम्पलिंग ४:४:४, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग, करावे, गुणवत्ता ८० ते ८५ ठेवावी. वेबपी या प्रकारची फाइल लहान होते म्हणून सर्रास सुचवली जाते, पण तिचा नेहमीचा, दाबून साठवणारा प्रकार फक्त ४:२:० च जाणतो. नक्षीच्या जवळच्या फोटोला ती वापरू नये, बाकी फोटोंना जरूर वापरावी. पानासाठी ६०० आणि १२०० पिक्सेल अशा दोन रुंदीच्या प्रती काढाव्यात, म्हणजे गावाकडच्या मंद नेटवर्कवरचा फोन लहान प्रत उचलतो. घरातून विक्री करणाऱ्या भगिनींनी एक्सिफ (फोटोसोबत फोनने आपोआप नोंदवलेली) माहिती साठवण्याची खूण काढून टाकावी, कारण तीत घराचे नेमके ठिकाण असू शकते. दुरुस्ती नेहमी मूळ फाइलमध्ये, म्हणजे गिम्पच्या एक्ससीएफ किंवा फोटोशॉपच्या पीएसडीत करावी. जेपीईजी उघडून, बदलून, पुन्हा जेपीईजी केली की प्रत्येक वेळी थोडे नुकसान साचते. फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

फ्लेक्सबद्दल थोडेसे. इंचाला ७२ की ३०० हा वाद वेबच्या चित्राला लागू नाही, तिथे फक्त पिक्सेल मोजले जातात. छपाईला मात्र हिशेब लागतो. ४ गुणिले ६ फुटांचा फ्लेक्स इंचाला ७२ पिक्सेलने छापायचा तर ३४५६ गुणिले ५१८४ पिक्सेल हवेत. व्हॉट्सअॅपवरून आलेला हजार-बाराशे पिक्सेलचा फोटो त्यावर ताणला तर चेहरे धुरकट होणारच, आणि शार्पन फिल्टरने त्या धुराला फक्त कडा येतात.

शहरातील आयटीआय, तंत्रनिकेतने, खासगी वर्ग आणि बचत गटांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी येत्या सत्रापासून एवढे करावे. परीक्षेत विद्यार्थ्याच्या हातात एक चादर आणि एक ग्रे कार्ड द्यावे. त्याने लेयर आणि मास्क शाबूत असलेली मूळ फाइल, एसआरजीबीतल्या ६०० आणि १२०० पिक्सेलच्या दोन प्रती, विणीचा जवळचा फोटो, त्याच चादरीच्या किनारीतून केलेली पारदर्शक पीएनजी फ्रेम आणि मराठीतले पर्यायी वर्णन जमा करावे. परीक्षकाने चादर दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरावी, पडद्याची चमक मध्यम ठेवावी, आणि लाल रंग, कोपरे व वीण या तिन्हींची प्रत्यक्ष चादरीशी तुलना करून गुण द्यावेत.

आपले,
ग्राफिक्सचे काम करणारे व शिकवणारे काही जण,
सोलापूर